गोदामातलं टेबल : परभणीच्या एका घराची टेबल टेनिस खरेदी

परभणीच्या मोंढ्यात आडत असलेलं हे घर. दुकान मुलगा बघतो, पण हिशेबाच्या वहीवर शेवटची नजर आबांची, म्हणजे आजोबांची. नात चौदा वर्षांची, नातू अकराचा. नात टेबल टेनिस खेळते आणि गेल्या हंगामात शालेय स्पर्धेतून जिल्ह्याकडून विभागावर जाऊन आली. शाळेत टेबल एकच आणि त्याभोवती दहा-बारा पोरं, त्यामुळे तिच्या वाट्याला खेळापेक्षा वाट बघणंच जास्त येतं. मी तिला शिकवतो, म्हणून तिच्या वडिलांनी मला गाठलं. "सर, पोरगी मन लावून खेळायलीय. घरीच टेबल घ्यावं म्हणतो. एकदाच घ्यायचं, पण चांगलं. पन्नासेक हजार गेले तरी हरकत नाही. कोणत्या कंपनीचं घेऊ तेवढं सांगा."

कंपनीचा प्रश्न या प्रकरणात सगळ्यात शेवटी आला आणि फारसा वाद न होता सुटला. खरी डोकेफोड झाली ती दोन गोष्टींवर : टेबल ठेवायचं कुठं आणि पैसे टेबलाच्या कोणत्या भागावर घालायचे. अशी विचारणा माझ्याकडे अधूनमधून होत असते आणि गाडी दर वेळी याच दोन ठिकाणी अडते. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

आधी जागा

टेबल ९ फूट लांब, ५ फूट रुंद आणि जमिनीपासून अडीच फूट उंच. नेमकी मापं २.७४ मीटर, १.५२५ मीटर आणि ७६ सेंटिमीटर. एवढं ऐकून लोक खोलीत टेप लावतात आणि "बसतंय की" म्हणून मोकळे होतात. टेबल बसतं, खेळणारा बसत नाही. नेटच दोन्ही बाजूंना १५.२५ सेंटिमीटर बाहेर येतं, म्हणजे मधोमध रुंदी सहा फुटांवर जाते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका टेबलामागे १४ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद जागा धरतात. घरात एवढी जागा कुणी मागत नाही. माझा हिशेब असा : दोन्ही टोकांमागे किमान सात-आठ फूट, बाजूंना चार-साडेचार. म्हणजे २४ बाय १४ ची मोकळी जागा. यापेक्षा लहान खोलीत मुलं मजेनं खेळतील, त्यात वाईट काही नाही. पण स्पर्धेला जाणाऱ्या मुलीला मागे भिंत लागायला लागली की ती टेबलाला चिकटून खेळायला शिकते, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

वडिलांच्या डोक्यात ढाळज होती, म्हणजे वाड्याच्या दारालगतची बैठकीची ओसरी. जुना वाडा असल्यानं ढाळजेची लांबी भरपूर, पण रुंदी दहा फूट आणि त्यात सागवानी खांब. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं छत. तुळया एवढ्या खाली की मी उभ्या उभ्या बॅट वर केली आणि ती लाकडाला लागली. शिवाय आडतीवर आलेला शेतकरी पहिल्यांदा ढाळजेतच टेकणार, तिथंच पाणी, तिथंच चहा. ढाळज तासाभरात बाद झाली.

दुसरी जागा गच्चीवरचं पत्र्याचं शेड. ही जागा मापात बसत होती. मुलीलाही ती आवडली होती, कारण वर कुणी येत-जात नाही. पण चेंडूचं वजन २.७ ग्रॅम. तीन बाजूंनी उघड्या शेडमध्ये संध्याकाळचं वारं सुटलं की सर्व्हिस टाकायची कुठं आणि ती जाते कुठं. उन्हाळ्यात परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याखाली त्याहून वर. साध्या लाकडी फळीचं टेबल तिथं एका मोसमात वाकडं झालं असतं. दुकानदारानं त्यावर तोडगा सांगितला : आउटडोअर टेबल घ्या. आउटडोअर टेबलाचा टॉप वेगळा असतो, मेलामाइनचा दाबलेला पत्रा किंवा अॅल्युमिनियमचा थर दिलेला, साधारण ४ ते ७ मिलिमीटर जाडीचा. पाऊस-उन्हाला तो टिकतो, हे खरं. पण त्यावर चेंडूची उसळी इनडोअर टेबलासारखी येत नाही, आणि सगळ्या स्पर्धा इनडोअर टेबलावर. हौसेनं खेळणाऱ्या घराला मी आउटडोअर टेबल बिनधास्त सांगेन. या मुलीसाठी त्याला नाही म्हणालो.

राहिलं गोदाम. घराच्या मागच्या अंगाला, ४० बाय १८ फुटांचं, छत स्लॅबचं आणि बारा फुटांवर. खाली शहाबादी फरशी. हे नाव निघालं आणि आबा पहिल्यांदा बोलले, "दसऱ्यानंतर सोयाबीन अंगावर येईल. मग काय टेबलावर पोती लावणार हायत का?"

प्रश्न रास्त होता, पण त्यामागे जो दुसरा प्रश्न होता तो आबांनाही वेगळा वाटला नव्हता, कारण त्यांच्या धंद्यात ती रोजची गोष्ट. गोदामात धान्य ठेवलं की किडीसाठी गोळ्यांची धुरी देतात. त्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, तोच किडे मारतो. तो माणसालाही तितकाच मारतो. घरातल्या धान्यात या गोळ्या ठेवून बंद खोलीत झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आपण वाचलेल्या आहेत. धुरी दिलेलं गोदाम दिवसच्या दिवस बंद ठेवतात, नंतर उघडून पुरतं हवेशीर होऊ देतात आणि मगच आत जातात. वडील म्हणाले, मधे पार्टिशन घालू, पलीकडे माल, अलीकडे टेबल. प्लायवुडचं पार्टिशन वायूला अडवत नाही. जिथं मुलं तास-दोन तास धापा टाकत खेळणार, तिथं धुरीचा माल एका छताखाली नको. याबाबतीत मी जरा कठोर बोललो, आणि इथं तडजोडीला जागा नव्हतीच.

चर्चा लांबली. शेवटी ठरलं ते असं. या गोदामात यापुढे धान्याचा साठा नाही. मागचे बारा फूट बारदाना, ताडपत्र्या, जुने वजनकाटे यांना. पुढचे २८ फूट टेबलाला. हंगामात रातोरात माल आलाच, तर टेबल मिटून भिंतीला लावायचं, पोती एक-दोन रात्री ठेवायची आणि धुरीआधी हलवायची. साठ्यासाठी मोंढ्यातच दुसरं गोदाम हंगामापुरतं भाड्यानं. भाडं महिन्याला चार हजार. आबांनी तिथल्या तिथं पाच महिन्यांचे वीस हजार मांडले आणि म्हणाले, "म्हणजे टेबल पन्नास हजाराचं नाही, सत्तरचं हाय." बरोबर होतं. फक्त त्यांनी 'दर वर्षी' हा शब्द जोडला नाही, तो माझ्या मनात येऊन गेला.

फळीवर पैसे

जागा ठरली तेव्हा टेबलाचं स्वरूपही आपोआप अर्धं ठरलं. ते मिटणारं हवं, चाकांचं हवं आणि दोन सुट्ट्या भागांचं हवं, म्हणजे एकेक भाग एकट्या-दुकट्याला सरकवता येईल. राहिली फळी, ज्याला सगळे टॉप म्हणतात.

घरच्या सुतारानं मधेच एक प्रस्ताव टाकला. १९ मिलिमीटरचं प्लाय, खाली चौरस पाइपचा सांगाडा, वर हिरवा रंग, पंधरा-सोळा हजारांत काम. सुतार चांगला, त्याच्या हाताबद्दल शंका नव्हती. पण दुकानात मिळणारा प्लायचा ताव ८ बाय ४ फुटांचा. टेबलाचा अर्धा भाग साडेचार बाय पाच फुटांचा. कसाही फिरवा, चार फुटांच्या तावातून तो अखंड निघत नाही. जोड द्यावाच लागतो. जोडावर कितीही पुट्टी-पॉलिश मारलं तरी चेंडूला तो कळतो. कारखान्यात मोठ्या मापाची फळी अखंड कापून वापरतात, आणि तिथंच कारखान्याचं टेबल सुताराच्या टेबलापुढे जातं. हे ऐकून सुतारानंच मान डोलावली.

छत्रपती संभाजीनगरच्या दोन दुकानांतून भाव आले. १९ मिमीचं टेबल २४ हजार, २२ मिमीचं ३३ हजार, २५ मिमीचं साडेसेहेचाळीस हजार. परदेशी नावाचं, निळ्या टॉपचं एक होतं ते लाखाच्या वर. वडिलांचा कल २२ कडे. वाचलेले साडेतेरा हजार बॅटी, बूट आणि प्रवासाला येतील, हा त्यांचा हिशेब व्यवहाराला धरून होता. एरवी मी मान्य केला असता.

पण फळीचा ताठपणा जाडीबरोबर सरळ वाढत नाही, जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एकाच मालाची फळी १९ वरून २५ मिमी केली तर ती सव्वादोन पट ताठ होते. २२ वरून २५ केली तरी जवळपास दीडपट. ताठ फळी चेंडूच्या दणक्यानं थरथरत नाही, त्यामुळे चेंडूची ताकद चेंडूलाच परत मिळते आणि टेबलाच्या सगळ्या भागांत सारखी मिळते. पातळ फळीवर चौकटीच्या आधाराजवळ एक उसळी आणि मधल्या पोकळीवर दुसरी. खेळाडू नकळत या खोडी शिकतो आणि दुसऱ्या टेबलावर गेला की गोंधळतो. जाड फळी जडही होते. २५ मिमीचं नुसतं लाकूडच ७० किलोच्या आसपास भरतं, सांगाडा धरून शंभरीच्या पुढे जातं. हे वजन उचलताना शिव्या खातं, खेळताना टेबलाला जागेवर धरून ठेवतं.

हे सगळं तोंडी सांगून पटत नाही, म्हणून आम्ही दुकानात गेलो आणि मुलीनं दप्तरातली पट्टी काढली. शाळेची पट्टी नेमकी ३० सेंटिमीटरची असते, आणि नियमातली चाचणीही तेवढ्याच उंचीची आहे : ३० सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू साधारण २३ सेंटिमीटर उसळायला हवा, टेबलावर कुठंही टाकला तरी. दुकानातला पंखा बंद करायला लावला. पट्टी फळीवर उभी धरायची, चेंडू वरच्या टोकाशी दोन बोटांत धरून नुसता सोडायचा, ढकलायचा नाही, आणि शेजारून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करायचं. कोपरे, कडा, मधली रेष, नेटच्या दोन्ही अंगांना आणि खाली पाय येतात त्या जागा, असं करत मुलगी टेबलाभोवती फिरली. १९ मिमीच्या टेबलावर मधोमध २२ च्या आसपास उसळी आली, पण कडेला ती २० च्याही खाली घसरली. २५ च्या टेबलावर फरक जाणवावा असा सापडला नाही. आवाजातही फरक होता : पातळ फळीचा आवाज पोकळ, ढब्ब असा; जाडीचा कोरडा, टक्क. वडिलांनी तीन-चार चेंडू स्वतः टाकून पाहिले आणि २२ चा विषय पुन्हा काढला नाही.

दुकानदार एक वाक्य सारखं म्हणत होता : "साहेब, आयटीटीएफ साइजचं आहे." साइज तर सुताराचंही असतं. आयटीटीएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ, टेबलांच्या ठराविक मॉडेलना मान्यता देतो, त्यांची यादी जाहीर असते आणि त्यात कंपनीबरोबर मॉडेलचं नाव असतं. 'साइज', 'स्टँडर्ड', 'टाइप' हे शब्द ऐकले की मॉडेलचं नाव विचारून यादीत शोधावं. आम्ही घेतलेलं मॉडेल मान्यतेचंच हवं, असा माझा हट्ट नव्हता. घरच्या सरावाला शिक्का लागत नाही. पण शिक्क्याचे पैसे मागायचे आणि शिक्का नसायचा, हे चालणार नव्हतं. तसं सांगितल्यावर भाव दीड हजारानं उतरला.

लाखाच्या टेबलाबद्दल मुलीनं हळूच विचारलं होतं. चौकट देखणी, चाकं मऊ, मिटायला हलकं. पण टॉप शेवटी २५ मिमीचाच. या घराला जे हवं होतं ते देशी टेबलात मिळत होतं. मेरठ आणि जालंधर ही क्रीडासाहित्याची आपली मोठी केंद्रं; तिथं तयार होणाऱ्या चांगल्या टेबलावर विभागाची काय, त्यापुढचीही तयारी होते. चाकं, नेट, पायांची उंची जुळवायचे लेव्हलर, पायाच्या रबरी टोप्या, सगळं पुढे बदलता येतं. टॉप बदलायचा म्हणजे टेबल बदलायचं. माझा सगळा जोर म्हणूनच टॉपवर होता.

चौकटीबद्दल एवढंच पाहिलं : चाकं मोठी आणि ब्रेकची, पायांना खाली फिरवायचे लेव्हलर, आणि भाग उभा केल्यावर त्याला अडकवणारी कडी पक्की. ती कडी किरकोळ वाटते, पण उभा केलेला पन्नास-साठ किलोचा भाग अंगावर आला तर लहान मुलाचं काय होईल ते सांगायला नको. टेबल उघडायचं-मिटायचं काम नातवानं एकट्यानं करायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं. नेट मात्र स्प्रिंगच्या चिमट्याचं येत होतं, ते नाकारून स्क्रूच्या क्लॅम्पचं घेतलं. नेट सगळीकडे १५.२५ सेंटिमीटर उंच राहायला हवं, आणि चिमट्याचं नेट महिन्याभरात मधे झोळ धरतं.

बिल्टीवरची सही

माल कारखान्यातून थेट ट्रान्सपोर्टनं आला. दोन मोठी खोकी, ट्रक रस्त्यात आडवा, मागून हॉर्न. ड्रायव्हर बिल्टी, म्हणजे मालाची ट्रान्सपोर्टची पावती, पुढे करून सही मागत होता आणि वडील सही करणारच होते. आबांनी हात धरला. "आधी खोकं फोड." अख्खा जन्म बिल्ट्यांवर गेलेला माणूस. माझ्या यादीत ही गोष्ट होती, पण ड्रायव्हरनं ती माझ्याकडून ऐकली नसती. आबांचं ऐकली.

एका खोक्याचा कोपरा दबलेला दिसतच होता. आत फळीचा कोपरा चेपलेला, कडेची पट्टी सुटलेली आणि तिथून भुसा झडत होता. कुठंतरी पाणीही लागलेलं असावं, कारण कड बोटभर फुगली होती. पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी, एकदा फुगलं की वाळल्यावरही बसत नाही, ते तसंच राहतं. बिल्टीच्या प्रतीवर 'एक नग फुटका, स्वीकारला नाही' असं लिहून घेतलं, ड्रायव्हरची सही घेतली, फोटो काढले.

विक्रेत्यानं आधी "कोपराच तर आहे, फेव्हिकॉल लावून घ्या" असं सांगून पाहिलं. मग एक अर्धा भाग बदलून द्यायला तयार झाला. इथं वडील खूश झाले होते, मीच अडलो. दोन अर्धे भाग एकाच खेपेच्या फळीचे असले तर जाडी, रंग आणि उसळी जुळते. वेगवेगळ्या खेपेचे आले तर मधल्या सांध्यावर केसाएवढा का होईना पायरीचा फरक राहू शकतो आणि एका बाजूचा रंग वेगळा दिसतो. बदलायचं तर जोडी बदला, असं कळवलं. फोनाफोनी बरीच झाली, पैशांचा शेवटचा हप्ता आबांनी मुद्दाम थांबवून ठेवलेला होता, त्याचा उपयोग झाला. तीन आठवड्यांनी नवी जोडी आली. या वेळी मोंढ्यातले चार हमाल बोलावले. शंभर किलोची पोती पाठीवर टाकणारी माणसं, त्यांना हे वजन काहीच नव्हतं. सांगावं लागलं ते एवढंच की फळी आडवी धरायची नाही, कडेवर उभी धरून न्यायची, नाहीतर मधे ताण येतो.

बसवताना

गोदामाची फरशी धुण्याच्या सोयीनं मोरीकडे उतरती केलेली. डोळ्याला दिसत नाही, पण गवंड्यानं पाणसळ लावली तेव्हा टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जवळपास पाऊण इंच उतार निघाला. लेव्हलर फिरवून दोन्ही भाग आधी स्वतंत्र सपाट केले, मग एकमेकांना जोडून सांध्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून पाहिली. नख फिरवलं तरी अडकायला नको, इतकं जुळवलं. शहाबादीच्या सांध्यातलं सिमेंट दोन ठिकाणी उखडलं होतं, तिथं पाय मुरगळू नये म्हणून भरून घेतलं.

भिंती चुन्याच्या, पांढऱ्या. पांढरा चेंडू पांढऱ्या भिंतीपुढे दिसतच नाही. टेबलाच्या दोन्ही टोकांमागच्या भिंतींना सहा फुटांपर्यंत गडद निळा मॅट रंग दिला. कमी पैशात एवढा फायदा देणारी दुसरी कुठलीही गोष्ट या प्रकरणात झाली नाही. उजेडासाठी गोदामात मधोमध एक बल्ब होता. तो काढला. टेबलाच्या लांबीला समांतर दोन्ही बाजूंना, टेबलाच्या थोडं बाहेर, एलईडी पट्ट्यांच्या ओळी लावल्या, म्हणजे हाताची आणि बॅटची सावली फळीवर पडत नाही. त्या इन्व्हर्टरवर घेतल्या. संध्याकाळी लाइट जाणं ही काही आमच्याकडे बातमी नसते.

कूलरवरून घरात थोडी कुरबुर झाली. मे महिन्यात गोदामात खेळायचं आणि कूलर नाही? पण कूलरचा झोत चेंडू उडवतो, आणि तो जी ओली हवा फेकतो ती फळीच्या कडांना लागते. पाऊस चार महिने असतो, कूलरही चार महिने. म्हणजे फळीला आठ महिने ओल. उन्हाळ्यात सकाळी साडेपाच ते आठ खेळायचं असं ठरलं. अभ्यासाच्या वेळापत्रकालाही ते मानवलं.

पुसायचं काम मावशींकडे गेलं, तेव्हा त्यांना फिनेलची बादली बाजूला ठेवायला सांगावं लागलं. मऊ फडकं, जेमतेम ओलं, मागून लगेच कोरडं. मोंढ्याच्या बाजूनं तुरीचं भुसकट उडत येतं आणि बॅटच्या रबरावर बसलं की चेंडू घसरतो, म्हणून हे रोजच. खेळ संपला की वर चादर. आणि चैत्र लागला तेव्हा आजींनी त्या चादरीकडे बघून विचारलंच, "एवढी सपाट जागा हाय, कुरडया घातल्या तर काय बिघडेल?" बिघडलं असतं. गच्ची रिकामीच होती, कुरडया तिकडे गेल्या.

आजची स्थिती

टेबल पंचेचाळीस हजार, वाहतूक आणि हमाली पाच हजाराच्या आत, रंग, दिवे आणि फरशीची डागडुजी मिळून नऊ हजार. भाड्याचं गोदाम वेगळं. आबांनी वहीत या सगळ्याचं एक खातं उघडलंय आणि भाडं त्यातच टाकतात, दुकानाच्या खर्चात नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी होती ती वेगळ्याच गोष्टीची : घरी टेबल येतं, पण समोर उभं कोण राहणार? जोडीदार नसेल तर सहा महिन्यांत त्यावर इस्त्रीचे कपडे चढतात, हे मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय. एक भाग उभा करून एकटीनं भिंतीसारखं खेळता येतं, पण त्यात चेंडू नेहमी सारखाच परत येतो. इथं नातवानं ती जागा भरली. तो बहिणीहून कच्चा आहे, पण बचाव चिवट करतो, आणि तिला हरवायची त्याला एवढी खुमखुमी की सकाळी तोच तिला उठवतो. शाळेतल्या दोन मुली आठवड्यातून तीनदा येतात. वडील रात्री दुकान मिटवून येतात आणि दहा-पंधरा मिनिटं खेळतात. त्यांची सर्व्हिस अजून नेटमध्येच जाते.

सोयाबीनच्या हंगामात माल एकदा खरोखरच रातोरात आला. टेबल मिटवून भिंतीला लावायला दोघांना दहा मिनिटंही लागली नाहीत. पोती दोन रात्री राहिली आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गोदामात गेली. टेबल परत उघडल्यावर लेव्हलर पुन्हा जुळवावे लागले, कारण चाकं सरकताना एक पाय फिरला होता. तेव्हापासून पाय येतात त्या जागी फरशीवर तेलरंगाच्या खुणा करून ठेवल्यात.

आता प्रश्न खालच्या फरशीचा आहे. शहाबादीवर धूळ बसली की बूट सरकतात, आणि मुलीची पायांची हालचाल आता वेगवान व्हायला लागलीय. स्पर्धेत असते तशी लाल मॅट घालायची तर तिचा भाव टेबलाच्या आसपास जातो. तूर्त आठवड्यातून दोनदा ओल्या फडक्यानं फरशी पुसून काम भागवतायत. मॅटचे दोन भाव मागवलेत. आबा म्हणाले, तूर विकल्यावर बघू.